स्वतःचा आवाज कसा सापडतो? गोव्यात मुक्त लेखन करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीत राहून मी गेली वीस वर्षं मुक्त लेखन करते. रविवारच्या पुरवण्या, शाळांच्या आणि देवस्थानांच्या स्मरणिका, आकाशवाणीची भाषणं, अनुवाद, हॉटेलांची माहितीपत्रकं, जत्रेतल्या नाटकाच्या संहितेची डागडुजी, जे येईल ते. नव्याने लिहू लागलेली मुलं-मुली भेटतात तेव्हा मानधनाचं बोलणं नंतर निघतं. आधी येतं ते हे: "ताई, माझं लिहिलेलं मला माझं वाटत नाही." मग त्याच्या मागोमाग बाकीचे प्रश्न येतात. पुन्हापुन्हा आलेले इथे एकत्र केले आहेत. काहींना उत्तर लांब लागलं, काहींना दोन ओळी पुरल्या.

‘आवाज’ म्हणजे नक्की काय? शैलीलाच आवाज म्हणतात का?

चवथीला एकाच वाड्यावर पाच घरांत तीच आरती होते. शब्द तेच, चाल तीच. तरीही अंगणात उभं राहून सांगता येतं, आत घुमट वाजवणारा हात कोणाचा आहे. कोणी कडव्याच्या शेवटी थाप आवरून घेतो, कोणी अर्धी मात्रा पुढे धावतो. हा फरक त्यांना कोणी शिकवलेला नसतो आणि ते तो ठरवूनही करत नाहीत.

लिहिताना तसंच होतं. एकाच जत्रेला तीन लेखक गेले, तर एकाला पालखीचे भोई दिसतील, दुसऱ्याला फुलं विकणाऱ्या बायका, तिसऱ्याला खाज्याच्या दुकानातला तराजू. आधी काय दिसतं, कुठे थांबावंसं वाटतं, काय सांगायचं टाळलं जातं, वाक्य कुठे तुटतं, या सगळ्याची मिळून जी सवय होते तिला मी आवाज म्हणते. शैली उचलता येते. लांब वाक्यं, छोटी वाक्यं, बोली, अलंकार हे सगळं आठवडाभरात घोटून जमतं. कशाकडे पाहायचं हे मात्र उसनं घेता येत नाही.

घरी आम्ही कोंकणी बोलतो, लिहितो मराठीत. मग माझा आवाज कुठल्या भाषेतला?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, कारण मीच त्यात कितीतरी वर्षं अडकले होते.

आपल्याकडे भाषेचा प्रश्न आला की घरातली माणसंही दोन बाजूंना बसतात. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल, १९८७ चा राजभाषा कायदा, कोंकणी राजभाषा आणि शासकीय कामकाजासाठी मराठीलाही स्थान, हा सगळा इतिहास आपण लिहायला बसतो तेव्हा टेबलावर येऊन बसतो. मराठीत लिहिताना एखादा कोंकणी शब्द आला तर अपराधी वाटतं. आपली मराठी कमअस्सल आहे असं कोणीतरी म्हणेल, ही भीती पोटात असते. म्हणून आपण पहिल्या ओळीपासून अंगात पाहुण्याकडे जाण्याचे कपडे घालतो. वाक्यं इस्त्रीची निघतात आणि त्यांत आपण नसतो.

माझ्या आजीचं उदाहरण सांगते. ती बोलायची कोंकणीतून. भांडायची कोंकणीतून. पण हरिपाठ म्हणायची मराठीतून, पोथी वाचायची मराठीतून, आणि मुंबईला असलेल्या भावाला पत्र लिहून घ्यायची तेही मराठीतच. पत्र सांगताना ती मध्येच कोंकणीत शिरायची आणि मी लिहिताना ते ‘नीट’ करायचे. एकदा तिने पत्र वाचून घेतलं आणि म्हणाली, "हें म्हजें न्हय." तेव्हा मला राग आला होता. मी सगळं शुद्ध केलं होतं ना! आज कळतं, तिची तक्रार शुद्धतेबद्दल नव्हती. तिने भावाला जिथे टोमणा मारला होता तिथे मी ‘कळावे, लोभ असावा’ घातलं होतं.

गोव्यात मराठी अशीच राहत आली आहे, बोलीच्या शेजारी, एकाच चुलीवर. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं, ते मराठी ओवीत आहे. बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिल्या. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तिथे शिकलेली पिढी घरी कोंकणीत हसली आणि शाळेत मराठीत निबंध लिहून आली. या दोन भाषांमधल्या ये-जा करण्यातच तुमचा कान तयार झाला आहे. तो कापून टाकून लिहाल तर उरेल ती कोणाचीही मराठी.

करायचं काय? पहिला खर्डा ज्या भाषेत डोक्यात येतो त्या भाषेत उतरवा. अर्धं वाक्य कोंकणीत आलं तर येऊ द्या. दुसऱ्या खर्ड्यात मराठी करा, पण शब्दाला शब्द ठेवून करू नका. वाक्याचा झोक कुठे आहे, राग कुठे आहे, हे सांभाळा. संवाद तर मुळीच भाषांतरित करू नका. बार्देशातला माणूस पुण्याच्या मराठीत भांडायला लागला की तो खोटा वाटायला लागतो. कोंकणीत स्वतंत्रपणे लिहावंसं वाटलं तर तेही लिहा, त्याने मराठी हलकी होत नाही.

पण गोव्यातले शब्द वापरले तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार कसे?

चावी, बटाटा, पगार, घमेलं हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले आणि महाराष्ट्रभर कोणालाही परके वाटत नाहीत. वापरल्यामुळेच ते आपले झाले. मग ‘बाल्कांव’ लिहायला आपण का घाबरतो? ‘घरापुढच्या बाल्कांवातल्या सोप्यावर ती संध्याकाळभर बसून असे’ एवढं लिहिलं तर कुठल्याही वाचकाला कळतं की बाल्कांव ही घराच्या दर्शनी भागात बसायची जागा आहे. कंसात ‘व्हरांडा’ लिहायची गरज नाही. वाक्यानेच शब्दाचा अर्थ सांगावा, कंसाने सांगू नये.

काही शब्द तर बदलता येतच नाहीत. चोडण बेटावरच्या खाजन शेतीवर मी एकदा लेख लिहिला होता. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. त्या बांधात ‘मानस’ असते. मानशीला लाकडी दारं असतात. भरतीचं पाणी चढू लागलं की त्याच्या रेट्याने ती मिटतात, सुकती लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. रात्रीच्या सुकतीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की सुंगटं मिळतात, म्हणून मानशीवरच्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो. सगळा लेख त्या दारांभोवती होता.

छापून आला तेव्हा प्रत्येक ठिकाणी ‘मानस’चा ‘बंधारा’ झाला होता. वाचकांना सोपं जावं म्हणून बदल केला, असं मला सांगण्यात आलं. बदल करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण बंधारा पाणी अडवतो आणि मानस पाण्याला वेळ पाहून सोडते. एक शब्द बदलला आणि लेखातली माहितीच चुकीची झाली. ज्या काकांनी मला त्या बांधावरून चालवत हे सगळं दाखवलं होतं, त्यांना अंक नेऊन दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि चहाचं विचारलं. मी त्या दिवशी फेरीबोटीत रायबंदर येईपर्यंत मान वर केली नाही.

तेव्हापासून मजकुरासोबत चार ओळींची चिठ्ठी पाठवते: हे शब्द बदलू नयेत, आणि का बदलू नयेत. बहुतेक संपादक ऐकतात. त्यांनाही बरं वाटतं, कारण लेखकाने विचार केलेला दिसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. बोलीतले शब्द मसाल्यासारखे वरून पेरू नका. चार ओळींत ‘पोदेर’, ‘फेणी’, ‘तिंटो’, ‘सुशेगाद’ आले की तो मजकूर पर्यटन खात्याच्या फलकासारखा दिसू लागतो. ज्या शब्दाशिवाय ती वस्तू उभी राहत नाही, तेवढाच ठेवा.

मी लिहिलेलं सगळं वर्तमानपत्रातल्या सणासुदीच्या लेखासारखं का वाटतं?

कारण आपण सगळे तेच वाचून लिहायला शिकलो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझा पहिला छापील लेख माटोळीवर होता, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळंफुलं बांधून टांगतात त्या चौकटीवर. त्यातल्या ओळी अशा:

‘गणेशचतुर्थी हा गोव्यातील सर्वांत मोठा सण. निसर्गाशी नाते सांगणारी माटोळी ही गोमंतकीय संस्कृतीची ओळख आहे. रंगीबेरंगी फळाफुलांनी नटलेली माटोळी पाहून मन प्रसन्न होते.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. आणि एकही वाक्य माझं नाही. हे लिहिलं त्या वर्षीही आमच्या घरात माटोळी बांधली गेली होती आणि मी आत बसून माटोळीवर लेख लिहीत होते. बाहेर जाऊन पाहावं हे सुचलं नाही.

काही वर्षांनी त्याच विषयावर पुन्हा लिहायची वेळ आली. या वेळी आदल्या दिवशी बाजारात गेले आणि काकीला स्टूल धरून दिलं. मग लिहिलं ते असं:

‘माटोळी बांधायला काकी स्टुलावर चढते तेव्हा तिच्या दातांत केवणीचा दोर असतो. दोर न काढताच ती बोलते, म्हणून त्या दिवसाचे तिचे सगळे हुकूम अर्धे ऐकू येतात. "जड तें मदीं बांद गो, ना जाल्यार कलतली." आधी नारळाची पेंड, मग सुपारीचा घोस, मग तोरिंजन. कांगल्या आणि घागऱ्या अगदी शेवटी, कारण बाजारातून आणतानाच त्या गळायला लागलेल्या असतात. लालबुंद कवंडळ कुठे लावायचं यावरून दरवर्षी काका आणि काकीचं वाजतं. काका खालून बोट दाखवतात, काकी वरून ऐकत नाही.’

यात संस्कृती, निसर्ग, वारसा यांतला एकही शब्द नाही. तरी एका ओळखीच्या बाईंनी कुडाळहून फोन करून सांगितलं की त्यांच्या सासूच्याही दातांत असाच दोर असायचा. पहिल्या लेखावर कोणाचाच फोन आला नव्हता.

एक काम करून पाहा. तुमच्या जुन्या लेखांतून अशी वाक्यं काढा, जी दुसऱ्या कोणाच्याही लेखात तशीच्या तशी बसतील. ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘वरदहस्त’, ‘अनोखा संगम’, ‘मन मोहून टाकते’, ‘परंपरा आणि आधुनिकता’. ती खोडा. जागा रिकामी दिसली की पुन्हा त्या ठिकाणी जा आणि तिथे खरोखर काय होतं ते पाहून या. पुन्हा जाणं शक्य नसेल तर तिथे गेलेल्या माणसाला फोन लावा.

आवडत्या लेखकाची नक्कल होते. थांबवू कशी?

थांबवू नका. एकाचीच नक्कल करत असाल तर आणखी चौघांना वाचा, म्हणजे ती आपोआप विरते. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, त्याची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. एक दिवस काढून तिथे जाऊन बसा. प्रसिद्ध पुस्तकं तर वाचाच, पण जुनी स्थानिक मासिकं, संमेलनांच्या स्मरणिका, गावच्या नाटकमंडळींच्या पुस्तिकाही चाळा. साध्या माणसांनी, लेखक म्हणून नाव न झालेल्यांनी, किती थेट लिहिलेलं आहे ते तिथे सापडतं.

मी वास्कोत वाढलो, पण घरचे चंदगडचे. गोव्यावर लिहायचा मला हक्क आहे का?

आहे. पण ‘गोव्यावर’ लिहू नका. गोव्यावर आम्हीही लिहू शकत नाही, तो फार मोठा विषय आहे. तुमच्या चाळीवर लिहा. बंदरातल्या पाळीवरून पहाटे परत येणाऱ्या वडिलांवर लिहा. गावाहून आलेल्या गुळाच्या ढेपीवर, शाळेत कोंकणी ऐकून घरी घाटावरच्या मराठीत ते पुन्हा सांगताना होणाऱ्या गोंधळावर लिहा. बेळगाव, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, कारवार इथून आलेली कितीतरी मराठी घरं वास्को, फोंडा, म्हापशात आहेत, आणि त्यांच्या घरातलं गोव्याचं चित्र अजून फार थोडं लिहिलं गेलं आहे. दाबोळी विमानतळाच्या भिंतीपलीकडचं जग मला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. मला ते वाचायचं आहे.

क्लायंटच्या कामात स्वतःचा आवाज चालतो का? त्यांना तर त्यांचंच हवं असतं.

त्यांचंच द्यायचं. माहितीपत्रकात तुमच्या आजीच्या आठवणी कोणी मागितलेल्या नाहीत. पण आवाज म्हणजे पाहण्याची सवय असेल, तर ती कामावर जाताना घरी ठेवून जाता येत नाही, आणि ठेवूही नये.

फोंडा तालुक्यातल्या एका कुळागराच्या मालकांनी पर्यटकांसाठी मराठी पत्रक लिहायला सांगितलं होतं. सोबत नमुना दिला, त्यात ‘हिरव्यागार निसर्गाच्या सान्निध्यात’ वगैरे होतं. मी अर्धा दिवस तिथे फिरले. पोफळीवर चढलेली मिरीची वेल, मधूनच केळी, खाली पाटाचं पाणी, आणि सुपारी काढणारा माणूस एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन खाली न उतरता दुसरीवर जाताना पाहिला. पत्रकाची सुरुवात तिथून केली: ‘इथला माणूस जमिनीवर न उतरता बाग ओलांडतो.’ मालक जरा गप्प झाले. मग म्हणाले, "हें बरें आसा. पण आमचो फोन नंबर वयर घाल." मी घातला. त्या पत्रकावर माझं नाव नाही, असण्याची गरजही नाही.

देवस्थानच्या स्मरणिकेचं काम वेगळं. तिथे समितीला भारदस्त शब्द हवे असतात, आणि त्यांचं बरोबर असतं, कारण तो मजकूर देवासमोर ठेवला जाणार असतो. तिथे मी प्रसंग साधा लिहिते आणि प्रस्तावना त्यांच्या चालीने.

जे काम घेतल्यावर आपलं बघणंच बंद होतं, ते सोडून द्यावं. एका कामात रोज तीच पन्नास शब्दांची वर्णनं, गावाचं नाव तेवढं बदलून, लिहायची होती. पैसे वेळेवर यायचे. आठ महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की आईला पत्र लिहितानाही मी ‘निसर्गरम्य’ लिहिलं. ते काम मी त्याच महिन्यात थांबवलं.

दुसऱ्याच्या नावाने लिहून द्यावं का?

भाषणं, आत्मचरित्रं, अध्यक्षांचं मनोगत, हे काम प्रामाणिक आहे आणि त्यातून शिकायला मिळतं. समोरच्याचा आवाज पकडताना आपला कुठे आडवा येतो ते नेमकं कळतं. माणसाशी तासभर बोला, त्याचं बोलणं रेकॉर्ड करा आणि त्याची तीन आवडती वाक्यं जशीच्या तशी ठेवा.

हक्कांचं मात्र आधी बोलून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखनाचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच हक्क गेला असं मानतात. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हे संरक्षण राहतं. तोंडी ‘सगळे हक्क आमचे’ म्हटलं तर हसून एक छोटा कागद पुढे करा. नाव नको असलेल्या कामाला जास्त पैसे मागण्यात काही गैर नाही.

शुद्धलेखनाचे नियम पाळू की आवाज जपू?

दोन्ही. मराठी साहित्य महामंडळाचे नियम अठराच आहेत, १९६२ आणि १९७२ मधले. बसून शिका. ऱ्हस्व-दीर्घ चुकणं म्हणजे आवाज नव्हे. ‘केले’ की ‘केलं’ हे मात्र कानाला विचारून ठरवा आणि एका लेखात एकच ठेवा.

स्वतःचा आवाज ऐकायचा कसा?

अक्षरशः ऐका. लिहिलेलं मोठ्याने वाचा, तेही दार लावून नव्हे, घरात माणसं असताना. मला हे आकाशवाणीने शिकवलं. दहा मिनिटांच्या भाषणाला साधारण हजार शब्द लागतात, आणि माइकसमोर बसलं की कळतं, कुठल्या वाक्यात श्वास पुरत नाही. ‘करण्यात येत असल्याचे दिसून येते’ हे वाक्य माझ्या तोंडून तिथे बाहेरच पडेना. रेकॉर्डिंग थांबवून मी ते ‘करतात’ केलं.

दुसरी शाळा नाटकाची. आपल्याकडे जत्रेला, कालोत्सवाला गावची माणसं मराठी नाटक करतात आणि कला अकादमीच्या स्पर्धेत तर नाटकांची रांग लागते. एखाद्या तालमीला जाऊन बसा. दिवसभर बागायतीत काम करून आलेला माणूस संवाद म्हणताना जिथे अडखळतो, तिथे नव्वद टक्के वेळा चूक लेखकाची असते. नट ते वाक्य नकळत बदलून म्हणतो. ते बदललेलं वाक्य वहीत उतरवून घ्या. लिहिलेलं आणि बोललेलं शेजारी ठेवून पाहिलं की जे कळतं ते मला कुठल्याही कार्यशाळेत कळलं नव्हतं.

आता एआय लिहून देतं. मग आवाजाची खटपट कशाला?

क्लायंट यंत्राने केलेला अनुवाद ‘जरा बघून द्या’ म्हणून पाठवतात, ते काम मीही करते. एकदा अशाच मजकुरात जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियर यांची ‘मेजवानी’ असल्याचं लिहिलं होतं. इंग्रजीतल्या ‘फीस्ट’चा इथला अर्थ संताचा सण, म्हणजे फेस्त. आमच्या गोंयच्या सायबाच्या, म्हणजे झेवियर यांच्या, फेस्ताची मेजवानी झाली होती! व्याकरण बिनचूक होतं. ही चूक पकडायला शब्दकोश उपयोगी पडला नाही. मी त्या रांगेत उभी राहिले आहे आणि शेजारणीच्या नोव्हेनाचे, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, दिवस मला ठाऊक आहेत, म्हणून ती दिसली. यंत्राला कामाला लावा, खर्डा तपासायला, मथळे सुचवायला. पण पहिला खर्डा त्याच्याकडून घेऊ नका. एकदा त्याचं वाक्य समोर आलं की आपलं वाक्य उगवतच नाही, हा माझा अनुभव आहे.

यावर पोट भरतं का?

फक्त स्वतःच्या मनाच्या लेखनावर, माझं भरलं नाही. अनुवाद आणि संपादनावर भरलं. व्यावसायिक शुल्कातून १० टक्के टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्र भरून हिशेबात धरा, सोडून देऊ नका. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. आणि प्रत्येक कामाचं बिल त्याच दिवशी पाठवा. आठवड्यातली एक सकाळ मात्र कोणालाही विकू नका. माझी बुधवारची आहे. माटोळीचा लेख, मानशीचा लेख, हे सगळं बुधवारचं आहे.

किती वर्षं लागतात?

मला सात-आठ लागली. तुम्हाला कमी लागोत.

लिहून झाल्यावर आधी कोणाला दाखवू?

दोघांना. एक असा, ज्याला लेखनातलं कळतं. आणि दुसरा असा, ज्याला त्या गोष्टीतलं कळतं. बहुतेक जण पहिल्याकडेच जातात.

मानशीवर मी काही वर्षांनी पुन्हा लिहिलं. या वेळी पाठवण्याआधी खर्डा घेऊन चोडणला गेले आणि त्याच काकांना बांधावर बसून वाचून दाखवला. लेखात मी पुनवेच्या रात्री चढणाऱ्या पाण्याचं वर्णन केलं होतं, चांदणं, बांधाच्या कडेला येऊन टेकलेलं पाणी, मिटलेली दारं. मला तो परिच्छेद फार आवडला होता. काका ऐकत राहिले. चांगलं की वाईट, काहीच बोलले नाहीत. वाचून झाल्यावर थोड्या वेळाने म्हणाले, "पुनवेक चडटा तितलेंच उदक अमाशेक चडटा, बाय. फकत दिसना."

परतीच्या फेरीबोटीत मी तो परिच्छेद काळोखात नेऊन नव्याने लिहिला.